रुंद टायर, मडगार्ड आणि मधली जागा

पावसाळ्यात सायकलवरून शाळेत आलेल्या एखाद्या मुलाच्या सदऱ्यावर, अगदी पाठीच्या कण्यावरून, चिखलाची उभी रेघ उमटलेली तुम्ही पाहिली असेल. त्याच्या सायकलीला मागचे मडगार्ड नाही, हे सांगायला सायकल पाहावी लागत नाही. ही रेघ एवढ्या उंचीपर्यंत कशी पोचते? मडगार्ड लावायचे ठरवले तर ते टायरपासून किती अंतरावर असावे? आणि टायर थोडे रुंद घ्यावे असे वाटले, तर ते कोणत्याही सायकलीत बसेल का? हे प्रश्न साधे दिसतात, पण त्यांची उत्तरे न शोधता काम केले तर काय होते, ते मी स्वतः अनुभवले आहे. म्हणून आज ही हकीकत तुम्हांला सांगतो.

कोल्हापुरात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी माझ्या वडिलांची, म्हणजे आण्णांची, एक जुनी इंग्लिश बनावटीची सायकल आहे. लांबच्या प्रवासासाठी बनवलेली ही सायकल आण्णांनी १९७४ साली जुनी म्हणूनच विकत घेतली होती. आपल्या ओळखीच्या काळ्या, भारदस्त सायकलीपेक्षा ही अंगाने हलकी. हँडल खाली वळलेले, मागे पाच दात्यांचे गिअर, आणि टायर अरुंद. गेली कित्येक वर्षे ती माळ्याखाली धूळ खात उभी होती. मागच्या वर्षी घर आवरताना ती भंगारात द्यावी असा विचार निघाला. तेव्हा अकरावीत शिकणारा माझा पुतण्या म्हणाला, ‘‘काका, देऊ नका. मी वापरतो. फक्त टायर जरा रुंद बसवा आणि मडगार्ड लावा.’’

मागणी वाजवी होती. आमच्याकडचा पाऊस, रस्त्यांतले खड्डे आणि गावाबाहेर गेले की उसाच्या शेतांतून जाणाऱ्या पाणंदी, यांवर अरुंद टायर निभावत नाही. मी कामाला लागलो.

पहिला प्रयत्न आणि त्याचे फळ

आपल्याकडे सर्वांत सहज मिळणारे रुंद टायर म्हणजे काळ्या सायकलीचे २८ × १½. शेजारच्या एका मोडक्या सायकलीचे तसे पुढचे चाक टायरसकट मिळाले. रिमच्या बाजू सपाट होत्या, त्यामुळे ब्रेकचे रबर तिला टेकत होते. आधी पुढचे चाक बदलून पाहावे असे ठरवून मी ते गल्लीतल्या मिस्त्रींकडे नेले. त्यांनी चाक चिमट्यात धरून पाहिले आणि म्हणाले, ‘‘सर, बसंल ओ. पण फिरंल का, ते बघा.’’

मी चाक बसवले, वर पत्र्याचे मडगार्ड कसले आणि चाक हाताने फिरवून पाहिले. ते कोठेही न घासता फिरले. माझ्या दृष्टीने काम संपले.

जुलैमध्ये पुतण्या फुलेवाडीच्या पुढे बालिंग्याच्या बाजूला मित्राच्या शेतावर निघाला. पाणंदीत शिरल्यावर काळी चिकण माती टायरला चिकटू लागली. टायरबरोबर ती मडगार्डखाली गेली आणि तेथेच साचली. पन्नास-साठ मीटरांत पुढचे चाक एकदम जाम झाले. वेग कमी होता म्हणून कोपर खरचटण्यावर भागले. सायकल ढकलत, पुढचे चाक उचलून धरत तो रस्त्यापर्यंत आला.

संध्याकाळी आण्णांनी सायकल पाहिली, मडगार्डखालची वाळलेली माती नखाने उकरली आणि मला एकच प्रश्न विचारला, ‘‘मापं घेतली होतीस का रे?’’

वर्गात मी मुलांना सांगतो की मोजल्याशिवाय बोलू नये. घरी मात्र मी पट्टी हातात घेतली नव्हती. दुसऱ्या दिवशी मी पट्टी, कॅलिपर आणि वही घेऊन बसलो.

आकड्यांचा घोळ

सर्वप्रथम टायरवर छापलेले आकडे समजून घेऊ. आण्णांच्या सायकलीवर २७ × १¼ असे टायर होते. यांतला २७ हा आकडा टायरचा बाहेरचा अंदाजे व्यास इंचांत सांगतो, तर १¼ हा टायरची जाडी सांगतो. पण टायर रिमवर बसते ते आतल्या कडेने. या कडेत पोलादी तार असते आणि ती ताणली जात नाही. म्हणून टायरची ही कड रिमवर जेथे बसते तेथला व्यास हे सर्वांत महत्त्वाचे माप होय. त्याला आपण बैठकीचा व्यास म्हणू.

आता गंमत पाहा. २७ × १¼ या टायरच्या बैठकीचा व्यास ६३० मि.मी. असतो. काळ्या सायकलीच्या २८ × १½ चा ६३५ मि.मी. असतो. आणि हल्ली अनेक नव्या सायकलींना असते ते ७०० सी नावाचे चाक घेतले तर त्याचा ६२२ मि.मी. असतो. या ७०० सीच्या टायरवर परदेशांत पुष्कळदा २८ इंच असेच छापतात. म्हणजे एक २८ मापाने २७ पेक्षा मोठे, तर दुसरे २८ मापाने २७ पेक्षा लहान! केवळ इंचांच्या आकड्यावर भरवसा ठेवून टायर आणले तर फसगत ठरलेलीच.

हा घोळ मिटवण्यासाठी आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे टायरवर मिलिमीटरांत दोन आकडे छापतात. उदाहरणार्थ, ३२-६३०. पहिला आकडा टायरची रुंदी आणि दुसरा बैठकीचा व्यास. आपल्या सायकलीच्या टायरची बाजू ओल्या फडक्याने पुसून पाहा. हे दोन आकडे बहुधा सापडतील.

कोणी म्हणेल, ६३० आणि ६३५ यांत फरक तो केवढा? अवघे ५ मि.मी. मग ६३५ चे टायर ६३० च्या रिमवर चढवले तर काय बिघडले? व्यासात ५ मि.मी. फरक म्हणजे परिघात सुमारे १६ मि.मी. फरक. तेवढे टायर ढिले राहते. हवा भरली की ट्यूब त्याला एका बाजूने रिमबाहेर ढकलते आणि मोठा आवाज होऊन ट्यूब फुटते. हा प्रयोग कोणीही करू नये.

बेरीज-वजाबाकी

टायर हवा भरल्यावर जवळजवळ गोल नळीसारखे होते, म्हणून त्याची उंची रुंदीइतकीच धरता येते. मग चाकाची बाहेरची त्रिज्या काढणे सोपे आहे. बैठकीच्या व्यासाचे निम्मे करा आणि त्यात टायरची रुंदी मिळवा.

मूळ टायर ३२-६३० : ३१५ + ३२ = ३४७ मि.मी.

आता चिमट्यात एक्सलच्या मध्यापासून वरच्या जोडाच्या खालच्या बाजूपर्यंतचे अंतर मोजले. ते ३६६ मि.मी. भरले. या दोहोंची वजाबाकी म्हणजे टायरवरची मोकळी जागा. मडगार्डचा पत्रा आणि त्याचा आत आलेला स्क्रू मिळून ५ मि.मी. जागा खातात. ती वजा केली की टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये खरोखर किती जागा उरते ते कळते. मी पुढीलप्रमाणे कोष्टक मांडले. सर्व मापे मिलिमीटरांत आहेत.

३२-६३० : त्रिज्या ३४७, मोकळी जागा १९, मडगार्डनंतर १४
४०-६३५ : त्रिज्या ३५७.५, मोकळी जागा ८.५, मडगार्डनंतर ३.५
४०-६२२ : त्रिज्या ३५१, मोकळी जागा १५, मडगार्डनंतर १०
३५-६२२ : त्रिज्या ३४६, मोकळी जागा २०, मडगार्डनंतर १५

दुसरी ओळ पाहा. हेच ते मी बसवलेले चाक. टायर आणि मडगार्ड यांच्यामध्ये अवघे साडेतीन मिलिमीटर! कोरड्या अंगणात ते फिरले यात नवल नाही. पण पाणंदीतल्या मातीचा थर, एखादा खडा किंवा उसाचे पाचट एवढ्याशा फटीतून कसे जाणार?

आता शेवटची ओळ पाहा. बैठकीचा व्यास ८ मि.मी. ने कमी, म्हणजे त्रिज्या ४ मि.मी. ने कमी झाली. त्या बदल्यात टायर ३ मि.मी. ने रुंद घेता आले आणि तरीही वर १ मि.मी. जागा जास्तच मिळाली. रिम लहान करून टायर मोठे करायचे, ही या कामातली खरी किल्ली आहे.

यात आणखी एक फायदा आहे. चाकाची बाहेरची त्रिज्या ३४७ ची ३४६ झाली, म्हणजे जवळपास तेवढीच राहिली. परीघ आधी २१८० मि.मी. होता, तो आता २१७४ मि.मी. झाला. त्यामुळे पायडलाच्या एका फेऱ्यात सायकल पूर्वीइतकीच पुढे जाते, पायडल जमिनीपासून तेवढेच उंच राहते आणि हँडलाचा स्वभावही बदलत नाही.

मग ४०-६२२ का नको? वर १० मि.मी. उरतात खरे, पण बाजूंचीही जागा मोजायला हवी. मागच्या खालच्या दोन नळ्यांमध्ये टायर जेथे असते तेथे ४७ मि.मी. अंतर भरले. ३५ चे टायर घेतले तर प्रत्येक बाजूस ६ मि.मी. उरतात. ४० चे घेतले तर साडेतीनच. चाकात थोडा आऊट आला, किंवा चढावर जोर लावताना फ्रेम किंचित वाकली, की टायर नळीला घासणार. शिवाय मडगार्ड टायरपेक्षा ८-१० मि.मी. रुंद असावे लागते. ४५ मि.मी. रुंदीचे मडगार्ड ४७ मध्ये कसेबसे जाते. त्याहून मोठे जात नाही.

‘‘नळ्या हातोडीने थोड्या आत दाबून जागा करता येईल,’’ असाही सल्ला मिळाला. तो मी मानला नाही. अशा सायकलीच्या नळीची भिंत जेमतेम मिलिमीटरभर जाडीची असते. नळीला बळ येते ते तिच्या गोलाईमुळे. गोलाई मोडली की तेथे नळी दुबळी होते आणि पुढे चीर जाण्याचा धोका राहतो. आणि जी गोष्ट पुन्हा पूर्ववत करता येत नाही, ती पन्नास वर्षांच्या जुन्या वस्तूवर करू नये.

भार उचलते ती हवा

रुंद टायरचा उपयोग काय, हे समजण्यासाठी टायरमध्ये हवा का भरतात तेथपासून सुरुवात करू. हवेच्या टायरची कल्पना रॉबर्ट विल्यम थॉमसन याने १८४५ मध्ये पेटंट घेऊन मांडली होती, पण ती मागे पडली. पुढे बेलफास्ट येथे जॉन बॉइड डनलप या पशुवैद्याने आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठी हवेचे टायर तयार केले आणि १८८८ मध्ये पेटंट घेतले. तोवर सायकलींना भरीव रबराच्या पट्ट्या असत. १८८९ मध्ये बेलफास्टच्या शर्यतींत विल्यम ह्यूम हा स्वार हवेचे टायर लावून उतरला आणि त्याने भरीव टायरवाल्यांना मागे टाकले. तेव्हापासून सायकल हवेवर चालू लागली. मुंबईहून १५ ऑक्टोबर १९२३ रोजी सहा तरुण सायकलवरून जगप्रवासाला निघाले. त्यांतील आदी हकीम, जाल बापासोला आणि रुस्तम भुमगरा हे तिघे सुमारे ७१,००० किलोमीटरांचा प्रवास करून मार्च १९२८ मध्ये परतले. वाळवंटे आणि चिखल तुडवणारा तो सारा प्रवास टायरमधल्या हवेच्या आधारावर झाला.

टायर जमिनीला टेकते तेवढ्या भागाला स्पर्शक्षेत्र म्हणू. दाब म्हणजे एकक क्षेत्रावरील बल, हे तुम्ही शिकला आहात. म्हणून

चाकावरील भार = हवेचा दाब × स्पर्शक्षेत्र

माझा पुतण्या, सायकल आणि दप्तर मिळून ७५ किलोग्रॅम वजन होते. त्यातला साधारण ६० टक्के, म्हणजे ४५ किलोग्रॅम भार मागच्या चाकावर येतो. अरुंद टायरमध्ये आम्ही चौरस सेंटिमीटरला ५ किलोग्रॅम, म्हणजे पंपावरच्या भाषेत सुमारे ७० पौंड दाब ठेवत होतो. तेव्हा स्पर्शक्षेत्र ४५ ÷ ५ = ९ चौरस सेंटिमीटर. नव्या रुंद टायरमध्ये साडेतीन किलोग्रॅम, म्हणजे सुमारे ५० पौंड दाब पुरतो. स्पर्शक्षेत्र होते जवळपास १३ चौरस सेंटिमीटर. क्षेत्र वाढल्यामुळे मऊ जमिनीत चाक कमी रुतते.

रुंद टायरमध्ये कमी दाब का पुरतो? खड्ड्याची कड लागली की टायर दबते. अरुंद टायर कमी उंचीचे असल्याने ते लगेच रिमपर्यंत दबते आणि ट्यूब रिम व दगड यांच्यामध्ये चिरडून तिला सापाच्या दंशासारखी शेजारी शेजारी दोन भोके पडतात. हे टाळण्यासाठी त्यात हवा कडक भरावी लागते. रुंद टायरला दबायला जागा जास्त असते, म्हणून ते कमी दाबातही रिमला वाचवते. स्वार बसल्यावर टायर आपल्या उंचीच्या सुमारे १५ टक्के दबावे, असा सायकलस्वारांचा एक ठोकताळा आहे. ३५ च्या टायरला ते सुमारे ५ मि.मी. येते.

कमी दाब ठेवण्याचे दुसरेही कारण आहे. टायरच्या कापडावर येणारा ताण हा दाब आणि टायरच्या नळीची त्रिज्या यांच्या गुणाकाराइतका असतो. ३२ च्या टायरला ५ किलोग्रॅम दाबावर हा ताण सेंटिमीटरला १.६ × ५ = ८ किलोग्रॅम येतो. ४० च्या टायरला तेवढाच दाब दिला तर २ × ५ = १० किलोग्रॅम येईल. म्हणून रुंद टायरमध्ये अरुंद टायरइतकी हवा ठासू नये. टायरच्या बाजूवर छापलेली दाबाची मर्यादा कधीही ओलांडू नये.

रुंद टायर ओढायला जड जाते, असा पुष्कळांचा समज आहे. दाब सारखा असेल तर दोन्ही टायरांचे स्पर्शक्षेत्र सारखेच असते. फक्त अरुंद टायरचे लांबट आणि रुंद टायरचे आखूड व रुंद असते. लांबट ठसा पाडण्यासाठी टायरला जास्त दबावे लागते. रबर दबताना घेतलेली सगळी ऊर्जा सुटताना परत देत नाही, काहीशी उष्णतेत जाते. म्हणून दाब सारखा ठेवला तर रुंद टायर जड जाण्याचे कारण नाही. शिवाय खडबडीत रस्त्यावर कडक टायर प्रत्येक खड्याबरोबर सायकल आणि स्वार दोघांनाही उचलून आपटते. तीही ऊर्जा शेवटी पायांनीच पुरवायची असते. जड जाते ते हवा कमी झालेले टायर, मग ते अरुंद असो वा रुंद.

चिखलाची रेघ

आता सुरुवातीच्या प्रश्नाकडे वळू. सायकल ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर वेगाने चालली आहे. स्वाराच्या दृष्टीने पाहिले तर चाक जागच्या जागी फिरत असून त्याच्या कडेचा वेगही सेकंदाला ५ मीटरच आहे. कडेवरील थेंबाला गोल फिरत ठेवण्यासाठी लागणारे त्वरण वेगाचा वर्ग भागिले त्रिज्या, म्हणजे २५ ÷ ०.३४६ = सुमारे ७२ मीटर प्रति सेकंद प्रति सेकंद. हे गुरुत्वत्वरणाच्या सातपटींहून अधिक झाले. टायरची पकड एवढी नसते, म्हणून थेंब सुटतो आणि स्पर्शिकेच्या दिशेने निघतो.

चाकाचा सर्वांत मागचा बिंदू वर जात असतो. तेथून सुटलेला थेंब सरळ वर उडतो. तो किती उंच जाईल? वेगाचा वर्ग भागिले गुरुत्वत्वरणाची दुप्पट, म्हणजे २५ ÷ १९.६ = सुमारे १.२७ मीटर. एक्सलच्या उंचीचे ३५ सें.मी. त्यात मिळवा. जमिनीपासून १ मीटर ६२ सें.मी. झाले. हवेचा अडथळा धरला तर थोडे कमी, पण स्वाराची पाठ गाठायला पुरेसे. सायकल हातात धरून चालताना वेग सेकंदाला सव्वा-दीड मीटर असतो. तेव्हा थेंब दहाएक सेंटिमीटरच उडतो. म्हणून चालताना कपडे खराब होत नाहीत.

मडगार्डचे काम या थेंबांना वाटेत अडवण्याचे. पण मडगार्ड बसवताना चाकाची फिरण्याची दिशा ध्यानात ठेवावी. टायर मडगार्डमध्ये मागून, खालच्या टोकाने शिरते आणि पुढून बाहेर पडते. म्हणून मागच्या टोकाशी फट कमी आणि पुढे जाताना हळूहळू जास्त असावी. जे आत शिरेल ते पुढे मोकळ्या जागेत जाईल. फट उलट ठेवली, तर आत शिरलेली माती अरुंद जागेत जाऊन पाचरीसारखी अडकेल.

पुढचे चाक अडकणे का वाईट, तेही पाहू. स्वार आणि सायकल यांचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे ११० सें.मी. उंच आणि पुढचे चाक टेकते त्या जागेच्या ६० सें.मी. मागे असतो असे धरा. पुढचे चाक जाम झाले आणि घर्षणगुणांक ६० ÷ ११०, म्हणजे ०.५५ पेक्षा जास्त असला, तर सायकल मागून उचलली जाऊन स्वार हँडलावरून पुढे फेकला जातो. कोरड्या डांबरी रस्त्यावर घर्षण एवढे असते. ओल्या चिखलात ते कमी असते, तेथे चाक घसरून सायकल आडवी पडते. माझा पुतण्या आडवा पडला. हेच चाक डांबरी उतारावर अडकले असते तर काय झाले असते, याचा विचार आजही नकोसा वाटतो.

दुसरा प्रयत्न

या वेळी आधी कागद, मग पान्हा. मिस्त्रींबरोबर बसून सगळी मापे पुन्हा तपासली. नव्या रिमांना ३६ भोके होती. आमच्या जुन्या हबांना जुन्या ब्रिटिश पद्धतीप्रमाणे पुढे ३२ आणि मागे ४० भोके होती. तेव्हा हबही नवे घ्यावे लागले. मागच्या हबची रुंदी फ्रेममधल्या जागेशी जुळेल अशीच निवडली. मिस्त्रींनी दोन्ही चाकांच्या तारा भरून आऊट काढला.

रिमची त्रिज्या ४ मि.मी. ने कमी झाल्यामुळे ब्रेकची रबरे तेवढीच खाली घ्यावी लागली. ब्रेकच्या दांड्यांतल्या खाचेत तेवढी जागा होती. ती नसती तर ही सारी योजना तेथेच थांबली असती. ब्रेकच्या पिनेपासून रबरापर्यंतचे अंतर आधी ६६ मि.मी. होते, ते ७० झाले. तरफेचा नियम लावा. तेवढ्याच हातच्या जोराला आता ६६ ÷ ७०, म्हणजे सुमारे ९४ टक्के बल मिळते. ही सहा टक्क्यांची तूट लहान असली तरी ती आहे, हे पुतण्याला सांगून ठेवले आणि रबरे नवी घातली. काळ्या सायकलीचे दांडीचे ब्रेक रिमच्या आतल्या बाजूने दाबतात. त्यांना अशी खाच नसते, म्हणून तेथे रिमचे माप बदलण्याचा खटाटोप करू नये. तशी गरजही नसते. त्या सायकली रुंद टायर आणि मडगार्ड यांची जागा आधीच सोडून बनवलेल्या असतात.

मडगार्ड एका बाजूला ओढले जाऊ नये म्हणून उद्यमनगरातल्या एका लेथवर छोटे बुश करून घेतले. पुढच्या मडगार्डच्या तारांना, जोराचा हिसका बसल्यास आपोआप सुटतील अशा प्लॅस्टिकच्या पकडी लावल्या. काही अडकलेच तर मडगार्ड सुटेल, पण चाक थांबणार नाही.

जुनी चाके तेल लावून, कापडात गुंडाळून माळ्यावर ठेवली आहेत. फ्रेमला कोठेही कापलेले नाही, ठोकलेले नाही. उद्या कोणाला ही सायकल मूळ रूपात हवी असली तर तासाभराचे काम आहे.

काम झाल्यावर आण्णांनी खिशातली शिसपेन्सिल काढली, चाक धरून ठेवले आणि टायर व मडगार्ड यांच्यामधून ती आरपार घातली. अडली नाही. ‘‘आता जाऊ दे त्याला,’’ एवढेच ते म्हणाले. पुढच्या पावसात पुतण्या त्याच पाणंदीने शेतावर जाऊन आला. सदरा कोरडा नव्हता, पण पाठीवर रेघ नव्हती.

करून पाहा

१. तुमच्या सायकलीचे चाक उभे धरून, टायरला खडूची ओली पूड लावून आलेख-कागदावर टेकवा. मित्राला सीटवर बसवा आणि दोघांनी सायकल धरा. उठलेल्या ठशातील चौरस मोजून क्षेत्रफळ काढा. दाब मोजलेल्या टायरवर हा प्रयोग केला तर भार किती येतो? वजनकाट्यावर फक्त तेच चाक ठेवून आलेल्या भाराशी ताडून पाहा. थोडा फरक पडला तर घाबरू नका. टायरच्या बाजूंचा कडकपणाही थोडा भार उचलतो.

२. शाळेच्या आवारात सौम्य उतार असेल तर एकाच जागेवरून, पायडल न मारता सायकल सोडा आणि ती कोठे थांबते तेथे खूण करा. दाब बदलून पुन्हा पाहा. स्वार तोच ठेवा आणि प्रत्येक दाबाला निदान तीन वेळा मोजा.

३. सायकल थांबलेली असताना टायर आणि मडगार्ड यांच्यामधून शिसपेन्सिल सर्वत्र सहज जाते का ते पाहा. जात नसेल तर पावसाळ्यापूर्वी मडगार्ड नीट करून घ्या.

४. एक गणित : आण्णांच्या सायकलीला ३७-५९० मापाची चाके लावली, तर बाहेरची त्रिज्या किती होईल? ब्रेकची रबरे किती खाली घ्यावी लागतील? पायडल जमिनीच्या किती जवळ येईल? ही चाके तुम्ही लावाल का? उत्तर कारणासह वहीत लिहा. पट्टी मात्र आधी हातात घ्या.